आईचा अंगठा लागत नाही

पूर्वभागातली

नमस्कार. बरेच दिवस या फोरमवर नुसती वाचत होते, आज लिहिल्याशिवाय राहवेना. मोठं होईल, सांभाळून घ्या.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले. घरात तेलुगू, शाळेत मराठी, त्यामुळे आईला अम्मा म्हणते पण तिच्याबद्दल लिहायचं झालं की मराठीच येतं. आईने चाळीस वर्षं विड्या वळल्या. आता वय 71. तिला ईपीएस-95 ची, म्हणजे पीएफवाल्यांच्या कर्मचारी पेन्शन योजनेची, पेन्शन आहे. सप्टेंबर 2014 पासून ती किमान 1000 रुपये झाली, आधी त्याहूनही कमी यायची. त्या हजारासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. मागच्या वर्षी खूप खटपटीनंतर उजवी तर्जनी कशीबशी लागली होती. यंदा काहीच लागलं नाही.

सेवा केंद्रातला मुलगा चांगला होता, वैतागला नाही. त्याने काच पुसली. "आजी, बोट केसांवरून फिरवा, जरा तेल लागू दे" म्हणाला. मग कपाळावर घासायला लावलं. दोन्ही अंगठे, दोन्ही तर्जन्या, मधली बोटं, पुन्हा अंगठे. वीसेक वेळा तरी झालं असेल. शेवटी त्याने आईचा हात हातात घेऊन उजेडात धरला आणि हळूच म्हणाला, "आजी, तुमच्या बोटांवर रेघाच राहिल्या नाहीत हो."

आईने हात मागे घेतला आणि पदराखाली झाकला. तिने एवढंच विचारलं, "मी हितंच बसलीय की. तरी पेन्शन बंद व्हणार का?"

तिथून रेशन दुकानात गेलो, कारण ई-केवायसी पण राहिली होती. तिथेही तेच. मागे रांग होती, दोन प्रयत्नांत बाजूला व्हावं लागलं.

रात्री मी तिचे हात ट्यूबलाइटखाली नीट पाहिले. माझं वय 48, आणि खरं सांगते, आईचे हात असे धरून मी कधी पाहिलेच नव्हते. उजव्या अंगठ्याचं टोक चिंचोक्यासारखं झालंय, गुळगुळीत, तपकिरी, चकाकतं. अंगठ्याचं नख जाड आणि एका बाजूला कलतं. विडीचं तोंड याच नखाने आत मुडपायचं असतं, दिवसातून हजार वेळा. तर्जनीच्या पहिल्या पेरावर दोऱ्याने पाडलेली बारीक चीर आहे, काम सुटून इतकी वर्षं झाली तरी ती बुजलेली नाही.

ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. तेंदूचं पान रात्री भिजत घालायचं. सकाळी पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीने कापायचं. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. पानात चिमूट टाकायची, वळायची, दोरा गुंडाळायचा, तोंड बंद करायचं. पंचवीस विड्यांचा एक कट्टा, हजार विड्यांचे चाळीस कट्टे. ते घेऊन विडी कंपनीच्या ब्रँचमध्ये जायचं, तिथे तपासणी, आणि छाट, म्हणजे नापास विड्या, निघाली की तेवढी मेहनत मातीत. वर्षाला अडीचशे दिवस धरले तरी चाळीस वर्षांत एक कोटी विड्या होतात. मी हा हिशोब आईला सांगितला तर ती म्हणाली, "छाट धरून का सोडून?"

आणि हे सगळं बाकीचं करून. पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधलेली असायची, हात सुपात. आम्ही तिघं भावंडं अशीच झोपलो. आजीला अर्धांगवायू झाला तेव्हा सहा वर्षं तिचं सगळं आईनेच केलं. वडील यंत्रमागावर होते, रात्रपाळी करून आले की त्यांना ताजं जेवण लागायचं. आजीला भरवण्याआधी आई साबणाने हात धुवायची, मग लिंबाची साल चोळायची, तरी आजी म्हणायची, भाताला तंबाखूचा वास येतोय.

एक गोष्ट मला इतक्या वर्षांनी कळली. आई लग्न होऊन 1972 मध्ये आली. स्वतःच्या नावाचं विडी कामगाराचं कार्ड तिला 1984 मध्ये मिळालं. मधली बारा वर्षं तिच्या विड्या आजीच्या कार्डावर जमा होत होत्या. त्या बारा वर्षांचा कागद कुठेच नाही.

आमचं घर कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत आहे, विडी कामगार बायकांसाठी जी दहा हजार घरं झाली त्यातलं. 2006 मध्ये ताबा मिळाला. घर आईच्या नावावर आहे. परवा त्याची फाइल काढली. एका कागदावर सहीच्या शेजारी तिच्या अंगठ्याचा निळा ठसा आहे. मधे दोन आडव्या चिरा आहेत, पण रेघा स्पष्ट दिसतात, गोल गोल. मी आईचा अंगठा त्या ठशाशेजारी ठेवून बघत बसले होते.

माझे प्रश्न दोन. दाखल्यासाठी दुसरा मार्ग कुणाला माहीत आहे का? आणि तुमच्याकडेही असं झालंय का कुणाचं?

टपालखातं

ताई, आधी कामाचं सांगतो. घाबरू नका, पेन्शन बंद होत नाही.

जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा ऑनलाइन दाखला, आता चेहऱ्यावरही होतं. ही सोय नोव्हेंबर 2021 मध्ये आली. अँड्रॉइड फोनवर दोन अ‍ॅप घ्यावी लागतात, एक जीवन प्रमाण आणि एक आधार फेस आरडी. आधी तुमचा चेहरा ऑपरेटर म्हणून नोंदवायचा, तो एकदाच. मग आईंचा आधार नंबर, पीपीओ नंबर (पेन्शनच्या आदेशावरचा), बँक खातं भरायचं आणि त्यांचा चेहरा दाखवायचा. डोळ्यांची उघडझाप करायला सांगतात. झालं की प्रमाण आयडी मेसेजने येतो.

जमत नसेल तर पोस्टमनला घरी बोलवा. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत ही सेवा आहे. मी याच खात्यातून निवृत्त झालोय. शेवटची दोन-तीन वर्षं मीही मशीन घेऊन घरोघर फिरलो. ज्यांची बोटं लागत नाहीत असे लोक कोण असतात ते मी पाहिलंय. गवंडी, भांडी घासणाऱ्या बायका, वीटभट्टीवरचे, शेतमजूर. साहेब लोकांची बोटं पहिल्या फटक्यात लागतात.

आणि ईपीएसच्या दाखल्याला नोव्हेंबरच हवा असं नाही. ज्या दिवशी द्याल तिथून एक वर्ष चालतो.

सागरगोटा

पूर्वभागातली, तुमचं वाचून जेवण बाजूला राहिलं.

माझी आई वेंगुर्ल्याकडची. काजूच्या कारखान्यात बी फोडायला जायची. काजूच्या टरफलात तेल असतं, ते अंगाला लागलं की उततं. आमच्याकडे उतणं म्हणजे भाजल्यासारखे फोड येऊन कातडी सोलवटणं. बी फोडताना हाताला राख लावायची, कुणी खोबरेल लावायचं, तरी ते तेल कुठून तरी आत शिरायचंच. हंगामात आईची बोटं काळी ठिक्कर असायची, नखांच्या कडा तर कोळशासारख्या. हंगाम संपला की कात टाकल्यासारखी जुनी कातडी निघायची आणि आतून गुलाबी, कोवळी यायची. त्या दिवसांत तिला आमटीतलं मीठसुद्धा झोंबायचं. मग आम्ही मुली भात कालवून तिला भरवायचो. मला तेव्हा ते खेळासारखं वाटायचं.

माझ्या साखरपुड्याला तिने दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले होते. सासरची माणसं ओटी भरायला उठली तेव्हाच बाहेर काढले. मी तेव्हा तिच्यावर रागावले होते, काय हात लपवतेस म्हणून. खरं तर मलाही लाज वाटत होती आणि ते तिला कळत होतं. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

ती गेली त्याला चार वर्षं झाली.

ओपीडीतून

मी डॉक्टर आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी काम करते. पूर्वभागातली, काही गोष्टी विचारते आणि काही सांगते.

बोटांवरच्या रेघा त्वचेच्या वरच्या थरात दिसतात पण त्यांचा साचा आतल्या थरात असतो. घासून वरचा थर झिजला आणि आतला शाबूत असेल तर विश्रांतीनंतर रेघा परत येतात. गवंड्याने महिनाभर सिमेंट सोडलं की येतात. पण वय झालं की त्वचा पातळ आणि कोरडी होते, रेघांची उंचीच कमी होते. तुमच्या आईच्या बाबतीत दोन्ही एकत्र आलंय. आठ-दहा दिवस रात्री झोपताना बोटांना व्हॅसलिन किंवा खोबरेल लावा. मशीनवर जाताना मात्र पुसून जा. थोडा फरक पडतो.

आता प्रश्न. त्यांना रात्री हाताला मुंग्या येतात का? झोपेतून उठून हात झटकतात का? अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होतं का? वर्षानुवर्षं मनगट वाकवून तेच तेच काम केलेल्यांच्या मनगटातली नस दबते. त्यात करंगळी सुटते, कारण तिची नस वेगळी आहे. असं असेल तर रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा लावतात. साधा उपाय आहे पण वेळेत करायला हवा.

बोटांच्या शेवटच्या सांध्यांवर गाठी आल्या असतील तर तो झिजेचा संधिवात. सकाळी उठल्यावर बोटं दहा-वीस मिनिटांत सुटत असतील तर बहुधा झीज. तासभर किंवा जास्त आखडलेली राहत असतील तर आमवाताची तपासणी करून घ्या. त्याची औषधं वेगळी असतात.

आणखी एक. तंबाखूचं निकोटिन कातडीतूनही अंगात जातं. विडी वळणाऱ्या बायकांना डोकं दुखणं, मळमळ यायची ती नुसती थकव्याने नव्हती.

पूर्वभागातली

डॉक्टरताई, हात झटकते. रोज रात्री. मला वाटायचं ती स्वप्नात काहीतरी करतेय. मी तिला विचारलं तर म्हणाली, "ते दहा-पंधरा वर्षं झालं की." एकदाही बोलली नाही.

गाठी पण आहेत, दोन्ही तर्जन्यांवर. सकाळी चहा करेपर्यंत बोटं सुटतात म्हणते. सोमवारी दाखवायला नेते.

टपालखातं काका, खूप आभार. अ‍ॅप घेतलंय, पण माझ्या जुन्या फोनवर फेस आरडी चालत नाही. पोस्टातच विचारते.

वैदर्भीय

आमच्याकडे कापूस. वाळलेल्या बोंडाच्या पाकळ्या काट्यासारख्या टोकदार असतात. वेचणीच्या दिवसांत आईच्या नखांच्या मुळाशी रक्त दिसायचं. संध्याकाळी ती चुलीपुढं बसून बोटांना गोडं तेल लावून शेकायची अन् मग त्याच हातानं भाकरी. अंगठा तिचाही लागत नाही. बँकेत ओळखीचे आहेत म्हणून निभते.

शेवग्याची_शेंग

मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

आईचे हात, त्यावरच्या चिरा, भेगा, हे सगळं वाचताना डोळे भरून येतात हे खरं. पण डोळे भरून येण्यापुढे आपण जातो का? हे हात असे का झाले? कारण त्यांना दर हजारी पैसे मिळायचे, महिन्याचा पगार नाही. कारण घरातल्या बाकीच्या हातांनी घरातलं काम केलं नाही. पूर्वभागातली, तुमचे वडील रात्रपाळी करून यायचे, मान्य. पण तुमचे भाऊ? आजीची सहा वर्षं सेवा एकट्या आईनेच का केली? घरातल्या दुसऱ्या कुणाला आजीचे कपडे धुता येत नव्हते?

माझी आई शिक्षिका होती. तिचे हात मऊ होते, शेवटपर्यंत. तिनेही घरातल्या सगळ्यांचं केलं. तिच्या हातांवर काही दिसत नाही म्हणून तिच्याबद्दल कुणी असा धागा काढणार नाही. मला हे टोचतं.

सागरगोटा

शेंगताई, टोचलं तरी बरोबर आहे. पण प्रत्येक वेळी दुःख सांगणाऱ्यालाच का जाब विचारायचा?

पूर्वभागातली

नाही, त्यांना विचारू दे. मी दोन दिवस यावर विचार केला.

भावांनी काही केलं नाही. धाकटा तरी पाणी भरायचा. आणि मी? मीही पान कापायला बसायचे, शाळेतून आल्यावर, आठवीपर्यंत. आमच्या गल्लीतल्या सगळ्या मुली बसायच्या. आठवीनंतर आईने माझ्या हातातून कात्री काढून घेतली. माझ्या बोटाला एकदा लागलं होतं, थोडंसंच, पण ती म्हणाली, तू आता बसायचं नाही, पुस्तक घे. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. माझ्या वाटची पानं कोण कापणार हा विचार आला नाही. ती पहाटे एक तास आधी उठायला लागली, एवढंच झालं.

माझी बारावी, मग डी.एड., फी सगळी त्या कट्ट्यांतून. माझा अंगठा मशीनवर पहिल्या झटक्यात लागतो. परवा सेवा केंद्रात आईच्या शेजारी बसून मीही अंगठा ठेवून पाहिला तर लगेच हिरवा दिवा लागला. आईने तो बघितला आणि तिला आनंद झाला. खरोखर आनंद झाला, चेहऱ्यावर दिसला. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

म्हणून तुमचं म्हणणं मला मान्य आहे. मी कौतुक करायला लिहिलं नव्हतं. त्या बारा वर्षांचा कागद नाही, झिजलेल्या रेघांचाही नाही, म्हणून कुठेतरी लिहून ठेवावं असं वाटलं. आणि तुमच्या आईबद्दल तुम्ही धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देईन. मनापासून सांगतेय.

लालबागकरीण

सासूबाईंबद्दल लिहिते. मी त्यांना आईच म्हणते.

लालबागला आमची खानावळ होती. म्हणजे दहा बाय बाराची खोली, त्यातच आम्ही राहायचो आणि त्यातच वीस-बावीस गिरणी कामगार दोन वेळा जेवायचे. गावाकडे बायको-मुलं ठेवून आलेली माणसं, घाटावरची आणि कोकणातली. पाळीप्रमाणे पंगत. पहिल्या पाळीचे डबे पहाटे, दुसऱ्या पाळीची जेवणं सकाळी अकराला. आई दिवसाला दीडशेच्या वर भाकऱ्या आणि चपात्या करायच्या. परातीत पीठ मळताना त्यांचा अख्खा खांदा हलायचा. तव्यावरची भाकरी त्या उलथन्याने नाही, बोटांनी उलटायच्या. त्यांना चटका कळायचाच नाही. लग्न होऊन आले तेव्हा मी तसं करायला गेले आणि बोटं भाजून घेतली. त्यांनी माझा हात तांब्यातल्या पाण्यात धरला आणि म्हणाल्या, "घाई करू नको. हाताला सवय लागायला वीस वर्षं लागतात."

प्रेमाताई पुरवांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते अशाच बायकांसाठी. वाण्याकडे उधारी, सावकाराकडे दागिने, यातून सुटायला बँकेचं कर्ज मिळालं पाहिजे म्हणून. आई सांगायच्या, बँकेत पहिल्यांदा गेले तेव्हा हाताला पीठ तसंच होतं, कागदावर पांढरा अंगठा उठला.

मग जानेवारी 1982 चा गिरण्यांचा संप. कामगारांना पगार नाही म्हणजे खानावळीला पैसे नाहीत. निम्मे गावी गेले. जे राहिले त्यांना आईंनी सहा महिने उधारीवर जेवू घातलं. पोळीच्या जागी एकच भाकरी, आमटी पातळ, पण पान मांडलं. त्यातल्या काहींनी पुढे पाच-सात वर्षांनी येऊन पैसे दिले. एकजण गावाहून तांदळाचं पोतं घेऊन आला होता. बाकीच्यांचं काय झालं ते कळलंच नाही. आई कधी त्या पैशांबद्दल बोलल्या नाहीत. नावं मात्र घ्यायच्या.

आता त्या 86 वर्षांच्या आहेत. सगळं विसरल्यात. मला ओळखत नाहीत, मुलाला ओळखत नाहीत. दिवसभर गादीवर बसून हात चालू असतात, चादर पुढे ओढायची, दाबायची, गोळा करायची, पुन्हा थापायची. नखांनी चादर फाटायची. मी त्यांचे हात धरून ठेवायचे तर त्या चिडायच्या, मारायच्यासुद्धा. मग एका नर्सबाईंनी सुचवलं की हातात कणकेचा गोळा द्या. दिला. त्यांनी तो आधी नाकाशी नेला. मग तळहातावर घेतला आणि दुसऱ्या हाताने फिरवत फिरवत थापला. इतकी गोल भाकरी मला अजून जमत नाही. थापून झाली की माझ्याकडे देतात आणि विचारतात, "किती पानं राहिली?"

मी रोज आकडा सांगते. दोन राहिली म्हटलं की त्या शांत होतात. नाहीत म्हटलं तर घाबरतात. तेव्हापासून मी दोन म्हणते.

दूरदेशी

लालबागकरीण, ऑफिसात बसून वाचलं आणि बाहेर जाऊन उभी राहिले.

मी अकरा वर्षं परदेशात. आईशी रोज व्हिडिओ कॉल होतो. रोज चेहरा बघते. गेल्या मे महिन्यात घरी गेले तेव्हा विमानतळावर तिने माझा गाल धरला आणि मला तो हात परका वाटला. खरखरीत, आणि बोटं वाकडी. फोनवर चेहरा दिसतो, हात कधी दिसतच नाहीत. परत आल्यापासून कॉल सुरू झाला की मी तिला सांगते, आधी हात दाखव. ती हसते आणि दाखवते. ओपीडीतून यांनी लिहिलेलं मनगटाच्या पट्ट्याचं तिलाही विचारते.

डाव्या_हाताची

पूर्वभागातली, करंगळी लावून पाहिलीत का? तुम्ही लिहिलंय अंगठे, तर्जन्या, मधली बोटं. आधारला दहाही बोटं नोंदलेली असतात. माझे सासरे गवंडी, सिमेंटने सगळं गेलेलं. त्यांचं रेशन चार वर्षं डाव्या करंगळीवर चालू आहे. आमच्या दुकानदाराने वहीत त्यांच्या नावापुढे "डा. क." असं लिहून ठेवलंय.

तेही नाही जमलं तर ई-केवायसीसाठी चेहऱ्यावर चालणारं अ‍ॅप आहे, मेरा ई-केवायसी नावाचं. पण आधी करंगळी बघा.

पूर्वभागातली

लागली! डावी करंगळी, दुसऱ्या प्रयत्नाला. दुकानदारही खूश झाला.

घरी येऊन मी पुन्हा ट्यूबलाइटखाली बघितलं. खरंच, डाव्या करंगळीवर रेघा आहेत. बारीक, पण आहेत. विडी वळताना डाव्या हाताची करंगळी बाजूला उचललेली असते, पानाला लागत नाही, दोऱ्याला लागत नाही. आईने मला सूप मांडीवर घेऊन दाखवलं. घरात पान नव्हतं, वर्तमानपत्राचा तुकडा कापून वळून दाखवला. किती झरझर! 71 वर्षांची बाई, रात्री मुंग्यांनी झोप नाही, आणि बोटं अशी चालली की मी मोबाइल काढेपर्यंत संपलंसुद्धा. करंगळी पूर्ण वेळ वर होती.

डॉक्टरताई, तुम्ही म्हणालात ते बरोबर निघालं. मनगटातली नस दबलीय, दोन्ही हातांची, उजवी जास्त. पट्टे दिलेत. गाठी झिजेच्याच आहेत. कपडे पिळायचे नाहीत असं सांगितलंय. आई ऐकत नाही. काल रात्री पट्टा बांधला तर पहाटे तिने सोडून ठेवला होता, घडी घालून उशीखाली. म्हणे भांडी घासायची होती. आजपासून भांडी धाकटा भाऊ घासणार आहे. मी फोन करून सांगितलं त्याला. शेंगताई, तुमच्यामुळे.

ओपीडीतून

छान. पहिले चार-सहा आठवडे नेटाने लावू द्या. बधिरपणा वाढला किंवा अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल भाग खोलगट दिसू लागला तर थांबू नका, लगेच परत दाखवा.

शेवग्याची_शेंग

भावाला फोन केलात हे वाचून बरं वाटलं. मी आईवर लिहायला घेतलंय. दोन परिच्छेद झालेत.

पूर्वभागातली

काल पोस्टमन येऊन गेले. शेवटचं अपडेट देते.

आईने सकाळपासून नवं नेसून ठेवलं होतं, इरकल, जरीच्या काठाचं. पोस्टमन दारात आले तर आधी चहा, मग काम, हा तिचा नियम. कप तिने दोन्ही हातांनी धरून आणला, सांडू नये म्हणून.

मग त्यांनी फोन समोर धरला. आईला वाटलं फोटो काढतायत. तिने दोन्ही हात जोडले, छातीशी नाही, पार हनुवटीच्या वर, देवळात जोडते तसे. फोन काही घेईना. पोस्टमन म्हणाले, "आजी, हात खाली घ्या, चेहऱ्यापुढं येतायत." तिने खाली घेतले. डोळे मिटा, उघडा. पुन्हा मिटा. एका मिनिटात झालं.

"झालं?" आई म्हणाली. "हात नको होते व्हय?"

"नाही लागत आता," ते म्हणाले.

ती बराच वेळ त्यांच्या फोनकडे बघत होती. मग आत जाऊन पट्टे घेऊन आली आणि माझ्यापुढे हात केले, बांध म्हणून. भर दुपारी. मी बांधले.

प्रमाण आयडीचा मेसेज आलाय. पुढच्या वर्षीची तारीख कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलीय.

टपालखातं

उत्तम. त्याच पानावर पीपीओ नंबर आणि "डा. क." हेही लिहून ठेवा. तुम्ही घरी नसाल तेव्हा भावाला सापडायला हवं.